ताळा करता येईल असा कारभार

रस्त्याच्या कामाचा फलक तुम्ही पाहिला असेलच. रंगवलेला पत्रा, दोन लोखंडी पाय, वर योजनेचं नाव. खाली कामाचं नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदार, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख. सगळ्यात शेवटी, चिखल उडून पुसट झालेली एक ओळ असते. आमच्या भागातल्या अशा एका फलकावर कायम कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असतो. एक उतरला की दुसरा चढतो. एकदा मी फ्लेक्सच्या कडेने मान वाकडी करून ती शेवटची ओळ वाचली. 'दोषदायित्व कालावधी : ३ वर्षे.' म्हणजे तीन वर्षांच्या आत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायचा. रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडला होता, आणि गल्लीतले आम्ही सगळे वर्गणी काढून मुरूम टाकायच्या गोष्टी करत होतो.

माहिती कुणी लपवली नव्हती. चौकात, सरकारी खर्चाने, ठळक अक्षरांत लावलेली होती. तरी आमच्या उपयोगाला आली नव्हती. 'पारदर्शक कारभार' म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला मला हा फलक बरा वाटतो.

'पारदर्शक' हा मुळात काचेचा शब्द. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात तो अपारदर्शक आणि अर्धपारदर्शक या भावंडांबरोबर भेटतो. पुढे तो जाहीरनाम्यांत गेला आणि हल्ली 'गतिमान' या शब्दाशिवाय एकटा फिरतच नाही. पण काचेच्या उपमेत एक घोळ आहे. काचेतून दिसायला पाहणाऱ्याला काही करावं लागत नाही. नुसतं समोर उभं राहिलं की झालं. कारभार तसा दिसत नाही. तो फायलींत, नोंदवह्यांत, मोजमापांत आणि कुणाच्या तरी सहीत असतो. नुसतं पाहून त्यातलं काही कळत नाही.

त्यापेक्षा आपल्याकडे गणिताच्या तासाचा जुना शब्द आहे : ताळा. भागाकार केला की गुरुजी 'बरोबर' किंवा 'चूक' असं सांगत नसत, 'ताळा कर' म्हणत. भागाकाराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची आणि मूळ संख्या येते का ते पाहायचं. यात गुरुजींवर विश्वास ठेवायची गरज नाही, स्वतःवरही नाही. उलटं करून पाहता येतं, एवढंच पुरे. जमाखर्चाच्या शेवटच्या पानाला आपण 'ताळेबंद' म्हणतो, तोही याच घरचा वाटतो.

सार्वजनिक जीवनातल्या पारदर्शकतेचा माझ्या लेखी अर्थ एवढाच आहे. ज्याचा पैसा आहे किंवा ज्याच्यावर निर्णय लादला जाणार आहे, त्या बाहेरच्या माणसाला कारभाराचा ताळा करता आला पाहिजे. कारभारी सज्जन आहे का, हा वेगळा प्रश्न. सज्जन माणसाच्या हिशेबाचाही ताळा करता आला पाहिजे.

एक नाव, एक तारीख, एक रक्कम

हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसलं असेल तर राजस्थानात. १९९० साली राजसमंद जिल्ह्यातल्या देवडुंगरी या छोट्या गावातून मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही त्यातली ठळक नावं. प्रश्न साधा होता. दुष्काळी कामांवर राबलेल्या मजुरांना ठरलेली मजुरी मिळत नव्हती. तक्रार केली की उत्तर यायचं : मस्टर पाहा, तुम्ही तेवढं कामच केलेलं नाही. मस्टर म्हणजे हजेरीपट. तो दाखवा म्हटलं की तो 'सरकारी कागद', म्हणून दाखवता येत नाही.

म्हणजे ज्या कागदाच्या आधारे मजूर खोटा ठरत होता, तो कागद मजुरालाच पाहायची बंदी होती.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली जनसुनावणी झाली. रीत अशी की मिळवलेल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचायच्या : अमुक माणूस, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक कामावर, इतके रुपये. मग समोर बसलेल्यांनी सांगायचं, खरं की खोटं. अशा सुनावण्यांतून कामावर कधी न गेलेल्यांची नावं निघाली, मेलेल्या माणसांची निघाली, न झालेल्या कामांची बिलं निघाली. यात लेखापरीक्षकाची पदवी लागली नाही. तो माणूस त्या महिन्यात गावात होता का, हे गावाला ठाऊक असतंच. कागदातली नोंद आणि गावाची आठवण एकमेकांसमोर ठेवली की ताळा आपोआप होतो.

म्हणून मला या जनसुनावण्या कुठल्याही संकेतस्थळापेक्षा मोठा शोध वाटतात. माहिती उघडी करणं हे त्यात अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं काम ती अशा माणसांपुढे वाचण्याचं होतं, ज्यांच्याकडे पडताळायला स्वतःचं काही आहे. तीच यादी जयपूरच्या कार्यालयात कुणी वाचली असती तर नावांमागून नावं, एवढंच वाटलं असतं.

एप्रिल १९९६ मध्ये राजस्थानातल्याच ब्यावरला या संघटनेचं चाळीस दिवसांचं धरणं झालं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही तिथली घोषणा. पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षण, म्हणजे ग्रामसभेने करायची कामांची आणि खर्चाची तपासणी, आलं, त्याचं मूळ याच जनसुनावण्यांत आहे. आपल्याकडे रोजगार हमी त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकापासून होती. पण मस्टर चावडीवर वाचून दाखवायची सवय आपल्याला तिने लावली नाही, हे कबूल करायला हवं.

कायदा कुठून आला

सरकारी कागद पाहायचा हक्क देणारा जगातला पहिला कायदा स्वीडनने १७६६ साली केला, मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्याचाच भाग म्हणून. आपल्याकडे प्रवाह उलटा होता. इंग्रजांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपिते अधिनियम स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. कचेरीतली रीत अशी बसली की कागद गुप्त धरायचा आणि दाखवायचा झाला तर मेहेरबानी म्हणून दाखवायचा.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली 'उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राज नारायण' प्रकरणात या रीतीला धक्का दिला. आपले सार्वजनिक सेवक सार्वजनिक कामात जे काही करतात ते जाणून घ्यायचा लोकांना हक्क आहे, असं न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी म्हटलं. हा हक्क भाषणस्वातंत्र्याच्या पोटातला मानला गेला. कारण सोपं आहे. सरकार काय करतंय हेच माहीत नसेल तर त्याबद्दल बोलणार काय?

कायदे आधी राज्यांनी केले. तामिळनाडू आणि गोवा १९९७ मध्ये. महाराष्ट्राचा २००० सालचा पहिला कायदा इतका कमकुवत होता की दोन वर्षांत नवा करावा लागला. हा २००२ चा कायदाही दिल्लीच्या मंजुरीसाठी अडकला. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा कुठे तो मोकळा झाला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे लागू झाला आणि राज्याचा कायदा मागे पडला.

कागद मागायचा, खुलासा नाही

या कायद्याचा सांगाडा बहुतेकांना माहीत असतो. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांत उत्तर. प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा. तीस दिवसांत काहीच आलं नाही तर तो नकार समजायचा आणि प्रथम अपील करायचं. त्यानंतर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. उशीर झाल्यावर माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते. विनाकारण अडवणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.

बहुतेकांचे अर्ज फसतात ते यापेक्षा वेगळ्या कारणाने. 'आमच्या वॉर्डातला रस्ता इतक्या लवकर का उखडला याचा खुलासा करावा' असा अर्ज केला की उत्तर येतं, 'सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.' आपण चिडतो, पण त्यांचं चूक नसतं. कायद्यात 'माहिती' म्हणजे कार्यालयाच्या अभिलेखात, म्हणजे दप्तरात, आधीपासून असलेली गोष्ट. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवा विचार करायचा नाही, जे आहे ते दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली हेच स्पष्ट केलं. विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क देणारा निकालही तोच.

म्हणून कागदाचं नाव माहीत असणं हीच निम्मी लढाई. रस्त्याच्या कामात एका मागोमाग एक कागद तयार होत जातात. आधी अंदाजपत्रक आणि त्याला प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम चालू असताना अभियंता मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, जाडी लिहितो. याला बांधकाम खात्यात सगळे 'एमबी' म्हणतात. एमबीवरून देयक निघतं, शेवटी कामपूर्तीचा दाखला. यातला राजा एमबी. त्यात लिहिलं असतं की खडीचा थर किती जाडीचा टाकला, डांबर किती लांब गेलं. 'रस्ता का उखडला' हे कुणी तुम्हाला लिहून देणार नाही. पण एमबीची प्रत आणि एक टेप हातात असेल तर विचारायची गरजही उरत नाही.

कायद्यात 'का' विचारायला जागाच नाही, असं मात्र नाही. कलम ४ मध्ये एक दुर्लक्षित ओळ आहे : प्रशासकीय निर्णयाची झळ ज्याला बसते, त्याला त्या निर्णयाची कारणं सांगायला हवीत. तुमचं शिधापत्रिकेतलं नाव कमी झालं, परवाना नाकारला गेला, तर कारण सांगणं हे त्यांचं कामच आहे. ही ओळ वापरणारे फार थोडे भेटतात.

याच कलम ४ मध्ये खरं तर कायद्याचा जीव आहे. प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची : कुणाचे अधिकार काय, कर्मचाऱ्यांचे पगार किती, अंदाजपत्रक काय, अनुदान कुणाला दिलं, सवलती आणि परवाने कुणाला मिळाले. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात अर्ज हा अपवाद होता. आपण उलट करून ठेवलं. अर्ज हा नियम झाला आणि कलम ४ ची माहिती संकेतस्थळाच्या कुठल्याशा कोपऱ्यात, बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावासह पडून राहिली.

महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे. ती जाचक वाटते, पण माझ्या मते तिचा एक फायदा होतो. अर्जातला संताप गाळावा लागतो आणि कागदाचं नाव तेवढं उरतं.

अर्जाशिवायही एक वाट आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्रातल्या जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता यायला हवेत. ही पद्धत त्याआधी पुणे महापालिकेत चालू होती. मला हा निर्णय फार आवडतो, कारण त्यात पत्रव्यवहार नाही. समोर बसायचं, फाईल उघडायची, पान उलटायचं. आणि फायलीत जे दिसतं ते नुसत्या छायाप्रतीत कळत नाही. टिपणीच्या समासात एका अधिकाऱ्याने लिहिलेला 'चर्चा करावी' हा शेरा आणि त्यानंतरच्या पानावर अचानक बदललेला सूर, हे एकापुढे एक पाहावं लागतं.

दोन याद्या

आता याच्या पार दुसऱ्या टोकाचं, देशपातळीवरचं उदाहरण. निवडणूक रोखे.

जानेवारी २०१८ मध्ये ही योजना अधिसूचित झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून एक हजार ते एक कोटी रुपयांचे रोखे विकत घ्यायचे, पक्षाला द्यायचे, पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचे. पैसा बँकेतून जाणार, म्हणजे काळा नाही, म्हणून हा राजकीय देणग्यांतला पारदर्शक मार्ग आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. रोख्यावर मात्र देणाऱ्याचं नाव नव्हतं. कंपन्यांना नफ्याच्या प्रमाणात देणगीची जी मर्यादा होती ती त्याआधीच उठवली गेली होती, आणि कुठल्या पक्षाला पैसे दिले हे सांगायचं बंधनही काढलं होतं. म्हणजे मतदाराच्या बाजूने पाहिलं तर काचेला रंग दिलेला. बँकेकडे मात्र सगळी नोंद.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कुठून येतो हे मतदाराला कळलं पाहिजे, असं म्हणत न्यायालयाने बँकेला तपशील निवडणूक आयोगाकडे द्यायला सांगितलं. त्यानंतर जे घडलं ते या लेखाच्या दृष्टीने निकालाइतकंच महत्त्वाचं आहे.

बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण असं दिलं की रोखे घेणाऱ्यांची आणि वटवणाऱ्यांची माहिती दोन वेगळ्या ठिकाणी आहे, त्यांची जुळणी करायला वेळ लागेल. ११ मार्चला न्यायालयाने मुदत नाकारली आणि १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या. एका यादीत कुणी, कधी, किती रुपयांचे रोखे घेतले. दुसऱ्या यादीत कुठल्या पक्षाने, कधी, किती रुपयांचे वटवले.

शेकडो पानं. सगळं खरं, सगळं जाहीर. आणि तरी अमक्याने तमक्याला किती दिले, हे त्यातून कळत नव्हतं. दोन्ही याद्यांना जोडणारा धागा नव्हता.

तो धागा होता प्रत्येक रोख्यावरचा अनुक्रमांक. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नसे, अतिनील प्रकाशात धरला की दिसे. न्यायालयाने ते अनुक्रमांकही द्यायला लावले आणि २१ मार्चला ते जाहीर झाले. त्यानंतर पत्रकारांनी आणि संगणकात हात असलेल्या साध्या नागरिकांनी दोन याद्या शेजारी ठेवून जुळवायला सुरुवात केली. ज्या जुळणीला महिने लागतील असं सांगितलं होतं, तिला फार काळ लागला नाही.

पुढे कुणी 'आम्ही सगळी माहिती संकेतस्थळावर टाकली आहे' असं म्हटलं की या आठवड्याची आठवण काढावी. माहिती देऊन तिचा ताळा होऊ न देणं ही एक कला आहे. स्कॅन केलेली वाकडी पानं, ज्यात शब्द शोधता येत नाही. दर वर्षी बदलणारी शीर्षकं, म्हणजे मागच्या वर्षाशी तुलनाच नको. 'इतर' या एकाच रकान्यात निम्मी रक्कम. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेतल्या 'किरकोळ दुरुस्ती' या ओळीपाशी ज्यांनी हात वर केला आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

कुणी कुणापुढे उघडं व्हायचं

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो. पारदर्शकता इतकी चांगली, तर मतदान गुप्त का?

कारण ही गोष्ट एकाच दिशेने चालते. सत्ता आणि सार्वजनिक पैसा ज्याच्या हातात आहे त्याने, ज्याच्याकडून ते आलं त्याच्यापुढे उघडं व्हायचं. मतदाराच्या हातात सत्ता असते ती एका क्षणापुरती, बटण दाबण्यापुरती. तेवढ्या क्षणासाठी गावच्या पुढाऱ्यापासून, मालकापासून, घरातल्या कर्त्यापासून आडोसा मिळावा म्हणून तो पुठ्ठा उभा असतो. उमेदवाराला तसा आडोसा नाही. त्याने मालमत्ता, कर्जं, शिक्षण आणि स्वतःवरचे फौजदारी खटले शपथपत्रावर सांगायचे, हे २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी पक्कं केलं. म्हणजे एकाच निवडणुकीत एकाला झाकायचा हक्क आहे आणि दुसऱ्यावर उघडं होण्याचं बंधन आहे. दोन्हींत विरोध नाही. दोन्ही एकाच माणसाच्या, म्हणजे मतदाराच्या, बाजूने आहेत.

हे सूत्र धरलं की खासगीपणाचा वादही थोडा सुटा होतो. थोडाच, कारण तो खरोखर अवघड आहे. सरकारी योजनेतून कुणाला घर मिळालं याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे, नाहीतर पक्कं घर असलेल्या माणसाला दुसरं घर मिळालेलं कळणार कसं? पण कुठल्या आजारासाठी कुणाला मदत मिळाली, ही यादी त्याच भिंतीवर लावायची का? तीही सार्वजनिक पैशाचीच आहे. मला वाटतं, नाही. रक्कम, रुग्णालय, उपचाराचा प्रकार कळावा, माणूस ओळखू येऊ नये. मात्र याचं एकच उत्तर सगळीकडे बसवता येत नाही.

२००५ च्या कायद्यात यासाठी एक तोल होता. कलम ८(१)(जे) म्हणे की सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगीपणात विनाकारण घुसणारी वैयक्तिक माहिती देऊ नये, पण मोठं सार्वजनिक हित असेल तर द्यावी. सोबत एक सुंदर कसोटी होती : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदाराचा आणि आमदाराला निवडणाऱ्याचा हक्क एका ओळीत सारखा केलेला.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही वाक्यरचना कापली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी एवढंच उरलं की वैयक्तिक माहिती द्यायची नाही. आमदारवाली कसोटी गेली. कलम ८(२) अजून आहे, सार्वजनिक हित जास्त वजनाचं असेल तर माहिती देता येते. पण आधी 'देऊ नये, जर...' असं होतं, आता 'देऊ नये' एवढंच आहे आणि 'जर' दुसऱ्या कलमात शोधावं लागतं. कचेरीच्या खिडकीशी उभं राहिलेल्याला हा फरक लगेच कळतो. मस्टरवरचं नाव वैयक्तिक माहितीच आहे. ठेकेदाराचंही. कोट किरानाची ती यादी आज मागितली तर कुणीतरी अधिकारी हे कलम पुढे करील, अशी शंका मला येते.

दुसरी बाजू

माहितीच्या अधिकाराचा धंदा करणारेही आहेत, हे खोटं नाही. अर्ज करायचा, बांधकामातली त्रुटी काढायची, मग संबंधिताला फोन करून 'भेटू' म्हणायचं. प्रत्येक तालुक्याच्या गावाला असे दोन-चार लोक माहीत असतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवून सगळ्याच अर्जदारांना हिणवलं जातं. पण विचार करा, त्या माणसाला पैसे कशाचे मिळतात? झाकलेल्या कागदाचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती इथे शब्दशः. तोच परवाना, तोच नकाशा कलम ४ प्रमाणे आधीच सगळ्यांसमोर असता, तर त्याच्या हातातल्या प्रतीला रद्दीचा भाव आला असता.

आणि दुसरीकडे, प्रामाणिकपणे मागणाऱ्यांनी मोजलेली किंमत आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहितीच्या अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला.

कायद्याचा एक अनपेक्षित परिणामही सांगायला हवा. फाईल कुणीही पाहू शकतो म्हटल्यावर फायलीत लिहिणंच कमी होतं. अडचणीची गोष्ट तोंडी सांगायची, हल्ली व्हॉट्सअॅपवर, आणि टिपणीत फक्त 'मान्यतेस सादर'. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सनदी अधिकाऱ्यांना सांगितलं की तोंडी आदेशांवर काम करू नका, ते लेखी करून घ्या. सांगितलं खरं. पण वरिष्ठ समोर बसलेले असताना 'साहेब, हे लिहून द्या' म्हणायला किती बळ लागतं, ते नोकरी केलेल्यांना ठाऊक आहे. माझ्या मते फायलीवर स्पष्ट शेरा लिहिणारा अधिकारी या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत कमी कौतुक झालेला माणूस आहे. बाहेरून कुणी ताळा करायला आला तर त्याला सापडायला काहीतरी त्यानेच ठेवलेलं असतं. आणि 'फाईल सापडत नाही' हे उत्तर आलंच, तर महाराष्ट्राचा २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम लक्षात ठेवावा. अभिलेख जपणं हे त्या कार्यालयाचं कायदेशीर कर्तव्य आहे.

आमच्या रस्त्याचं पुढे काय झालं, ते अजून व्हायचं आहे. शेजारच्या काकांनी सोमवार ठरवलाय. अर्जही तयार आहे. त्यात फक्त तीन कागदांची नावं आहेत : कार्यारंभ आदेश, एमबीची पानं, कामपूर्तीचा दाखला. 'कशासाठी पाहिजे' असं खिडकीवर विचारलं तर काय सांगायचं, याची काकांना काळजी होती. कलम ६(२) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे ऐकल्यावर मात्र ते एकदम उठले आणि आतून पन्नास फुटी टेप घेऊन आले. रविवारी सकाळी, वर्दळ कमी असताना, रस्त्याची रुंदी आपण आधी मोजून ठेवायची, असं ठरलंय. आकडा वहीत लिहायचा. मग एमबीतला पाहायचा.